दक्षिण युरोपात ‘रोज भारतीय जेवण’ कशासाठी?

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

उन्हाळी सुट्टीतील युरोप सहलींच्या पानभर जाहिराती आपल्या दैनिकात पुन्हा दिसू लागल्या आहेत. कंपनी कोणतीही असो, आयफेल टॉवरच्या चित्राशेजारी एक ओळ ठळक अक्षरांत असतेच : ‘रोज भारतीय जेवण, जैन जेवणाची सोय’. या ओळीबद्दल, आणि तीही केवळ युरोपच्या दक्षिण भागापुरती, मला तक्रार नोंदवायची आहे. उत्तरेकडील देशांत ही सोय शाकाहारी प्रवाशाला दिलासा देणारी असेल, त्याबद्दल मी बोलत नाही. मात्र इटलीच्या दक्षिणेस, विशेषतः सिसिली बेटावर, ती अनावश्यक तर आहेच, शिवाय तिथे जे पाहण्या-चाखण्यासारखे आहे त्याच्यापासूनच ती प्रवाशाला दूर ठेवते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

हे मत बनण्याचे कारण म्हणजे सप्टेंबर महिन्यात आम्ही काही निवृत्त बँक सहकाऱ्यांनी जोडीदारांसह केलेली सिसिलीची सहल. आमच्यात मालवणकडचे एक मित्र आहेत, ज्यांना मासळीवाचून जेवण अपुरे वाटते; तीन-चार जण शाकाहारी आहेत; आणि एका मित्राच्या पत्नी, ज्यांना आम्ही सारे भाभी म्हणतो, कांदा, लसूण, बटाटा यांपैकी काहीही न खाणाऱ्या जैन आहेत. यापूर्वी आमच्यापैकी काहींनी एका कंपनीबरोबर इटली पाहिली होती. त्या वेळी रोज संध्याकाळी बस शहराबाहेरच्या एखाद्या भारतीय हॉटेलात जाई आणि तेथे तेच पनीर, तीच पिवळी डाळ आणि तोच गुलाबजाम समोर येई. यंदा आम्ही सिसिलीची राजधानी पालेर्मो हिच्या जुन्या भागात स्वयंपाकघर असलेली सदनिका भाड्याने घेतली आणि सकाळी बाजार, दुपारी बाहेर जेवण, रात्री घरी काहीतरी हलके, असा क्रम ठेवला. सोबत आचारी नव्हता, भारतीय हॉटेलाचा पत्ताही नव्हता, आणि भाभींसह कोणीही उपाशी राहिले नाही.

पालेर्मोत बाल्लारो, कापो आणि वुच्चिरिया हे तीन जुने रस्ता-बाजार आहेत. त्यांपैकी वुच्चिरिया आता बाजार म्हणून जवळपास संपला आहे. चित्रकार रेनातो गुत्तुसो याने 1974 मध्ये रंगविलेल्या भव्य चित्रामुळे त्याचे नाव जगभर झाले. प्रत्यक्षात आज तिथे दिवसा मोजकीच दुकाने उघडी असतात आणि रात्री तरुणांची मद्यपानासाठी गर्दी होते. कापो हा पोर्ता कारिनी या वेशीतून आत शिरणारा, तुलनेने नीटनेटका बाजार आहे. आमचा जीव मात्र बाल्लारोवर जडला. आल्बेर्गेरिया या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांतून पसरलेला हा बाजार अजूनही मुख्यत्वे आसपास राहणाऱ्या लोकांचा आहे; वर ताडपत्र्यांची सावली, खाली ओलसर फरसबंदी आणि दोन्ही बाजूंनी विक्रेत्यांच्या लांबलचक, सुरात घातलेल्या हाका. अरब प्रवासी इब्न हौकल दहाव्या शतकात पालेर्मोला आला होता. त्याने इथल्या बाजारांचे आणि खाटकांच्या असंख्य दुकानांचे वर्णन करून ठेवले आहे, आणि इथले लोक कच्चा कांदा फार खातात, त्यामुळे त्यांची बुद्धी मंद झाली आहे, असा शेराही मारला आहे. हा शेरा मी भाभींना वाचून दाखविला तेव्हा त्यांना झालेले समाधान वर्णन करण्यापलीकडचे होते.

शाकाहारी माणसाने बाल्लारोत पहिल्यांदा जाऊन उभे राहावे ते तळणाच्या गाड्यासमोर. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ पाण्यात मीठ घालून घट्ट होईपर्यंत शिजवायचे, त्यात पार्स्ली चिरून घालायची, ते पातळ थापून गार करायचे, तुकडे कापायचे आणि तेलात तळायचे : याला तिथे पानेल्ले म्हणतात. फोडणी आणि रस्सा वगळला तर कृती आपल्या पाटवडीचीच आहे. हे तुकडे तीळ लावलेल्या मऊ पावात भरून, वर लिंबू पिळून दोन-तीन युरोंत हातात मिळतात, आणि शाळकरी मुलांपासून हमालांपर्यंत सारे ते उभ्याउभ्याच खातात. हा पर्यटकांसाठी काढलेला पदार्थ नाही. पालेर्मोतल्या गरीब माणसाची ही पिढ्यान्‌पिढ्यांची न्याहारी आहे. एकच सावधगिरी बाळगावी लागते. त्याच कढईत बटाट्याची क्रोक्के आणि काही ठिकाणी मासेही तळले जातात. म्हणून ज्यांना चालत नाही त्यांनी आधी कढईकडे पाहावे, मग मागावे. आम्हाला दुसऱ्या सकाळी केवळ पानेल्ले तळणारा एक गाडा सापडला आणि भाभींचा प्रश्न मिटला.

भाज्यांच्या राशींसमोर मात्र आम्हाला खरा धक्का बसला. हातभर लांबीचे, फिकट हिरवे, काही तर सापासारखे वळलेले दुधी भोपळे तिथे टांगलेले होते. सिसिलीत त्याला कुकुत्सा म्हणतात आणि वनस्पती म्हणून तो आपला दुधीच आहे. आपण ज्याची फक्त फळे घेतो त्या वेलाचे कोवळे शेंडे आणि पाने तिथे जुडी बांधून स्वतंत्र विकली जातात. तेनेरूमी नावाची ही पालेभाजी टोमॅटोबरोबर शिजवून, त्यात स्पॅगेटीचे मोडलेले तुकडे टाकून केलेले पातळ सूप हे ऐन उन्हाळ्यातले घरगुती जेवण आहे. भाजीवालीने हातवारे करून कृती सांगितली, आणि लसूण वगळून तिने सांगितलेली तीच कृती आम्ही त्या रात्री घरी केली. वांगी तर पावलोपावली होती : गोल फिकट जांभळी, लांब काळी, पट्ट्यापट्ट्यांची. तळलेली वांगी, सेलरी, ऑलिव्ह, केपर आणि टोमॅटो यांना व्हिनेगर व साखर घालून केलेली आंबटगोड कापोनाता ही सिसिलीची ओळख आहे. ती गार खातात आणि दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते. केपर म्हणजे एका झुडपाच्या न उमललेल्या कळ्या. पांतेलेरिया आणि सालिना या छोट्या बेटांवरचे, खडेमिठात घातलेले केपर नावाजलेले आहेत. फड्या निवडुंगाची बोंडे काटे काढून, सोलून, गार करून विकतात. यातही एक शेतकी चातुर्य आहे : जूनमध्ये पहिला बहर मुद्दाम झोडून पाडतात, म्हणजे दुसऱ्या बहराची फळे शरद ऋतूत मोठी आणि रसाळ येतात. आम्ही खाल्ली ती पहिल्या बहराची. ती लहान होती, पण गोडीला काही उणे नव्हते.

ही सारी भाजीपाल्याची श्रीमंती आली कोठून, हा प्रश्न आमच्यातल्या एका जिज्ञासू मित्राने लावून धरला. अरबांनी 831 मध्ये पालेर्मो जिंकले आणि 1072 मध्ये उत्तर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन सरदारांनी ते त्यांच्याकडून घेतले. या मधल्या काळात पाटपाण्याची शेती आणि तिच्याबरोबर लिंबे, कडू संत्री, ऊस, भात, वांगी यांची लागवड बेटावर रुजली, असे इतिहासकार मानतात. नॉर्मन राजा दुसरा रोजर याच्या दरबारातील भूगोलकार अल इद्रिसी याने 1154 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया या गावी कणकेच्या सुक्या शेवया मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि जहाजांतून दूरवर पाठविल्या जातात, अशी नोंद आहे. पास्त्याच्या व्यापाराच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक मानली जाते. दुसरे कारण गरिबी हे आहे. दक्षिण इटलीतील शेतमजुराच्या घरी मांस सणासुदीलाच शिजे. एरवी कडधान्ये, रानभाज्या, पाव आणि ऑलिव्हचे तेल यांवर गुजराण होई. याच आहाराचा विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ आन्सेल कीज यांनी अभ्यास केला आणि ‘भूमध्य आहार’ हे नाव जगभर गेले. युनेस्कोने 2010 मध्ये इटली, ग्रीस, स्पेन आणि मोरोक्को यांच्या नावे या आहारपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले आणि 2013 मध्ये त्यात पोर्तुगाल, सायप्रस व क्रोएशिया यांची भर पडली. ज्या भागातील साध्या जेवणाला हा मान मिळाला, तिथे आपण प्रवाशाला बसमधून उतरवून पनीर खायला नेतो, यातली विसंगती सहल आखणाऱ्यांच्या लक्षात येऊ नये याचे मला आश्चर्य वाटते.

गरिबीने शिकविलेल्या दोन युक्त्या शाकाहारी प्रवाशाच्या थेट कामी येतात. तारली आणि रानबडीशेप घालून केलेला पास्ता हा पालेर्मोचा प्रसिद्ध पदार्थ; ज्यांना तारली परवडत नसे ते बडीशेपेवरच भागवीत आणि त्याला ‘तारली समुद्रातच राहिलेला पास्ता’ असे गमतीने म्हणत. दुसरी युक्ती म्हणजे चीजऐवजी पास्त्यावर भाजलेल्या पावाचा चुरा भुरभुरणे. हा चुरा कडक शाकाहारी माणसाला वरदान आहे, कारण पार्मिजानो रेज्जानो या प्रसिद्ध चीजमध्ये दूध गोठविण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले विरजण (रेनेट) नियमानेच वापरावे लागते, आणि मेंढीच्या दुधाच्या पारंपरिक पेकोरिनोतही प्राणिज विरजण असते. सहल कंपन्यांचे लोक ही गोष्ट प्रवाशांना सांगताना मी ऐकलेले नाही. त्यांच्या ‘शुद्ध शाकाहारी’ पिझ्झ्यावर मात्र कुठले ना कुठले चीज भरपूर असते. वरील दोन्ही प्रकारच्या पास्त्यांत कधी कधी खारवलेले अँचोव्ही हे छोटे मासे विरघळवून घालतात, म्हणून ‘आच्चुगे’ (अँचोव्हीचे इटालियन नाव) आहेत का, हे विचारून घ्यावे. स्फिंचोने या जाड, मऊ पिझ्झ्यातही ते असतात. गोडात कान्नोली या मिठाईच्या तळलेल्या नळीच्या पिठात परंपरेने डुकराची चरबी असते. तिला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात. बदाम आणि साखर यांपासून केलेली, हुबेहूब फळांसारखी रंगविलेली मार्तोराना मिठाई, किंवा बदामाचा, लिंबाचा, तुतीचा ग्रानिता (बर्फाच्या चुऱ्यासारखा गार गोड पदार्थ) हे बिनधास्त खाण्याचे पदार्थ. फक्त ग्रानिताबरोबर मिळणाऱ्या ब्रिओश या मऊ पावात अंडे असते. ‘सेन्त्सा आल्यो, सेन्त्सा चिपोल्ला’, म्हणजे लसणाशिवाय, कांद्याशिवाय, एवढे वाक्य भाभींनी पहिल्याच दिवशी पाठ केले होते, आणि ते ऐकून कोणत्याही खानावळीतल्या माणसाने कपाळाला आठी घातली नाही. एकाने तर आतून ताजे टोमॅटो आणि तुळशीसारखी दिसणारी बेसिल आणून दाखविली आणि मगच पास्ता टाकला.

मांसाहारी वाचकांचाही विचार करायला हवा, कारण बसमधल्या ‘भारतीय जेवणा’त त्यांना मिळते ती बहुधा कोंबडीच. आमचे मालवणचे मित्र पालेर्मोत सौजन्याने गप्प होते. त्यांचे डोळे लागले होते कातानियाकडे. एटना ज्वालामुखीच्या पायथ्याच्या या शहरात मुख्य चौकाशेजारी, आमेनानोच्या कारंज्यामागे पायऱ्या उतरल्या की काळ्या दगडाच्या फरशीवर मासळीबाजार भरतो. सकाळी लवकर गेले तर तलवारमाशाचे मुंडके, चोच उभी करून, विक्रेत्याने दर्शनी ठेवलेले असते. कुप्याचे लालभडक तुकडे, तारल्यांचे ढीग, माकूल, ऑक्टोपस, मात्सारा देल वाल्लोची तांबडी कोळंबी. आमच्या मित्रांनी पहिला फेरा काही न बोलता पूर्ण केला, दुसऱ्या फेऱ्यात कल्ले उचलून पाहण्याची परवानगी मागितली आणि तिसऱ्या फेऱ्यात तारल्या घेतल्या. त्यांची शिफारस अशी की तारलीला तिथल्याप्रमाणे बेदाणे आणि चिलगोजे लावून खाऊन पाहावे. आमसुलाची आठवण येते, पण तक्रार करावीशी वाटत नाही. शाकाहाऱ्यांसाठी याच शहरात पास्ता आल्ला नोर्मा आहे : तळलेले वांगे, टोमॅटो, बेसिल आणि वर रिकोत्ता हे खारवलेले चीज, जे प्राणिज विरजण नको म्हणून आमच्यातल्या दोघांनी वगळून मागितले. एटनाच्या उतारावरच्या ब्रॉन्ते गावचा पिस्ता कातानियाच्या दुकानादुकानांत दिसतो. तिथली झाडे वर्षाआड झोडतात, त्यामुळे तो महागच असतो. फार स्वस्त दिसला तर तो ब्रॉन्तेचा नाही असे समजावे.

व्यवहाराच्या काही गोष्टी नोंदवितो, कारण याच माहितीच्या अभावी माणसे घाबरून आचारी असलेल्या सहलीकडे वळतात. बाजार सकाळचा, दुपारी एक-दीडनंतर बऱ्याच ठिकाणी आवराआवर सुरू होते. फळाला हात लावून, दाबून पाहण्याची पद्धत नाही. किती हवे ते सांगावे, विक्रेता निवडून देतो. खाद्यपदार्थांवर घासाघीस करू नये. ऑलिव्ह किंवा चीजच्या पाटीवर ‘एत्तो’ असे असेल तर तो भाव शंभर ग्रॅमचा असतो, किलोचा नव्हे. आमच्यातल्या एका माजी शाखाधिकाऱ्यांची याबाबतीत झालेली पंचाईत मी येथे विस्ताराने सांगत नाही. खानावळीच्या बिलात माणशी दोन-तीन युरोंचा ‘कोपेर्तो’ लावलेला असतो. तो पाव आणि बसण्याच्या जागेचा आकार आहे, फसवणूक नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ. दुपारचे जेवण साधारण एक ते अडीच, रात्रीचे साडेसात-आठच्या पुढे; मधल्या वेळात बहुतेक स्वयंपाकघरे बंद असतात. आपल्या सहलींचा कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला जेवण उरकून हॉटेलवर परतण्याचा असतो. त्या वेळेला तिथे भारतीय हॉटेलाखेरीज दुसरे फारसे काही उघडे नसते, हे खरे आहे. परंतु यात दोष सिसिलीचा नसून वेळापत्रकाचा आहे.

माझ्या सूचनेवर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. चाळीस-पन्नास जणांची बस बाल्लारोच्या गल्लीत रिकामी केली तर तिथल्या गिऱ्हाइकांना भाजी घेणे अशक्य होईल. बार्सिलोनाच्या प्रसिद्ध बोकेरिया मंडईत हेच झाले. फोटो काढणारे गट येत, ओटे अडवीत आणि काही न घेता जात. अखेर 2015 मध्ये तेथे शुक्रवारी व शनिवारी सकाळी आठ ते दुपारी तीन या वेळात पंधरा किंवा त्याहून अधिक पर्यटकांच्या गटांना प्रवेशबंदी करावी लागली. तोवर अनेक ओट्यांवर भाजी-मासळीऐवजी पर्यटकांसाठी कापलेल्या फळांचे पेले आले होते. आम्ही स्वतः भाड्याच्या सदनिकेत राहिलो, आणि अशा सदनिकांमुळे जुन्या शहरांतील रहिवाशांची घरभाडी वाढतात हेही आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे या बाबतीत मी पूर्ण निर्दोष असल्याचा आव आणत नाही. तरीही चार-पाच जणांनी मिळून जावे, हातात पिशवी असावी, काहीतरी विकत घ्यावे आणि फोटोपूर्वी विक्रेत्याला विचारावे, एवढे पथ्य पाळले तर बाजाराला आपला भार होत नाही, असे आम्हाला आढळले. तिसऱ्या दिवशी भाजीवाली आम्हाला ओळखू लागली होती आणि तेनेरूमीची जुडी न मागता पुढे करीत होती.

म्हणून सहल कंपन्यांना माझी विनंती मर्यादित आहे. ज्यांना मधुमेह आहे, वय झाले आहे किंवा ज्यांचा नेमच कडक आहे, त्यांच्यासाठी भारतीय जेवणाची सोय अवश्य असावी. परंतु दक्षिण इटली, सिसिली, किंवा स्पेन-पोर्तुगालच्या सहलींत निदान एक सकाळ मोकळी ठेवून प्रवाशांना लहान गटांत बाजारात जाऊ द्यावे, त्या दिवसाचे दुपारचे जेवण ज्याने त्याने आपापल्या पसंतीने घ्यावे, आणि त्या जेवणाचे पैसे सहलीच्या शुल्कातून वजा करावेत. कोणत्या पदार्थात अँचोव्ही, चरबी किंवा प्राणिज विरजण असते याचे एक पानी टिपण मराठीत छापून पासपोर्टच्या पाकिटाबरोबर देणे त्यांना अवघड नाही. आपल्या दैनिकानेही पर्यटन पुरवणीत जाहिरातींच्या शेजारी अशा माहितीला थोडी जागा द्यावी. कोणास हवी असल्यास आमच्या भाभींनी पालेर्मोत वहीत उतरवून घेतलेली यादी आम्ही पुरवणीसाठी आनंदाने पाठवू. ती त्यांनी स्वतः विचारून, चाखून आणि दोन ठिकाणी नाकारून तयार केलेली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
कोथरूड, पुणे